अल्टिमा सिक्स पहिल्यांदा खेळताय? आधी हे वाचा

1990 साली आलेली ही कॉम्प्युटरवरची गेम आज सुरू केलीत तरी पहिल्या काही मिनिटांतच तुमच्या हातून तीन जीव जातात. टाळायची सोय नाही. लाल कातडीचे, शिंगवाले तीन गार्गॉइल तुमच्या पाठोपाठ राजाच्या दरबारात घुसलेले असतात आणि त्यांना मारल्याशिवाय राजा तुमच्याशी नीट बोलूही शकत नाही. तुम्ही मारता, बरं वाटतं, पुढे निघता. अल्टिमा सिक्सची सगळी गंमत, आणि सगळा त्रासही, या बरं वाटण्यात दडलेला आहे.

गेल्या पावसाळ्यात नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात आम्ही काही जण दर रविवारी एका लॅपटॉपभोवती बसून ही गेम खेळलो. बहुतेकांचा हात मोबाइलवरच्या गेमांना सरावलेला, त्यामुळे सुरुवातीला जिथे तिथे अडायला झालं. तुमचं अडू नये म्हणून हे लिहितोय. एक सूचना आधीच देऊन ठेवतो: गोष्ट फोडल्याशिवाय या गेमबद्दल बोलता येत नाही. कोरी पाटी ठेवून खेळायचं असेल तर देवळांचा भाग संपला की वाचणं थांबवा. पुढचं खेळून झाल्यावर वाचा.

गेम मिळवणं आणि चालवणं

घरात पडलेला कुठलाही जुना लॅपटॉप पुरतो. जीओजीच्या साइटवर अल्टिमाचा चौथा, पाचवा आणि सहावा भाग एकत्र विकत मिळतो. चौथा भाग एकटा हवा असेल तर तो तिथेच फुकट आहे. विकतच्या गेमसोबत डॉसबॉक्स, म्हणजे जुने डॉस प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम, आधीच जोडलेला येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. दुसरा रस्ता स्कमव्हीएमचा, हाही जुन्या गेम चालवणारा फुकट प्रोग्राम. त्यात नुवी नावाचं इंजिन आहे, ते अल्टिमा सिक्सच्या मूळ फाइली घेऊन चालतं. मी स्कमव्हीएमच सुचवेन, कारण त्यात वेगवेगळ्या नावांनी सेव्ह करता येतं, मूळ गेममध्ये सेव्ह करायला एकच जागा होती. चुकीच्या क्षणी सेव्ह केलं की बसा रडत.

स्कमव्हीएम फोनवरही चालतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की खेळू, असा बेत आमच्यातल्या एकाने केला होता. नका करू. या गेममध्ये सतत शब्द टाइप करावे लागतात, आणि काचेवरच्या कीबोर्डवर घणसोली येईपर्यंत तुमचा एक संवादही पुरा होत नाही.

गेमसोबत पीडीएफमध्ये कम्पेन्डियम नावाची पुस्तिका आणि नकाशा येतो. दोन्ही झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या, नकाशा मोठ्या कागदावर. हा हौसेचा खर्च नव्हे. राजा सुरुवातीलाच पुस्तिकेतले प्रश्न विचारतो. चोरून कॉपी केलेली गेम अडवायची ही त्या काळची युक्ती, आणि ती आजही तशीच आहे. शिवाय नकाशावरची नावं आणि गेममधल्या पाट्या रुनिक लिपीत आहेत. त्या लिपीचा तक्ता पुस्तिकेत सापडेल, तो कापून स्क्रीनच्या कडेला चिकटवा. सुरुवातीला कटकट वाटते, पण थोड्याच वेळात पाट्या तक्त्याकडे न बघता वाचता यायला लागतात.

चौथा आणि पाचवा भाग आधी खेळायलाच हवेत का? माझं मत, नको. दोन गोष्टी माहीत असल्या की झालं. 1985च्या चौथ्या भागात तुम्ही, म्हणजे ‘अवतार’, आठ सद्गुण अंगी बाणवून कोडेक्स या ज्ञानग्रंथापर्यंत पोचलात आणि तो ग्रंथ ब्रिटानियात, म्हणजे गेममधल्या माणसांच्या राज्यात, आला. 1988च्या पाचव्या भागात तुम्ही भूगर्भातल्या जगात उतरून राजाला सोडवून आणलंत, आणि तुमच्यामागे ते जग कोसळलं. दोन्ही वेळा तुमचा जयजयकार झाला. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पात्र तयार करणं

नाव आणि चेहरा निवडला की एक जिप्सी बाई तुम्हाला पेचात टाकणारे प्रश्न विचारते. मित्राशी प्रामाणिक राहायचं की त्याच्यावर दया करायची, अशा धर्तीचे. इथे बरोबर उत्तर असं काही नसतं. उत्तरांवरून तुमची ताकद, चपळाई आणि बुद्धी ठरते. फार विचार न करता द्या. आम्ही एकेका प्रश्नावर मत घेत बसलो आणि चहा गार झाला.

ही प्रश्नांची पद्धत चौथ्या भागापासूनची. गेमचा कर्ता रिचर्ड गॅरियट. गेममधला राजा लॉर्ड ब्रिटिश म्हणजे तो स्वतःच. (वडील अंतराळवीर, आणि 2008 साली हा स्वतःही सोयूझ यानातून अंतराळ स्थानकावर जाऊन आला. गेममधला पैसा कुठे गेला ते कळलं.) राक्षस मारा, खजिना लुटा यापलीकडे गेमला काही सांगता येईल का, हा त्याचा चौथ्या भागापासूनचा ध्यास. सहाव्यात तो आणखी पुढे गेला आणि त्याने खेळणाऱ्याच्या चांगुलपणावरच बोट ठेवलं.

दरबार

लढाईसाठी बी दाबा. इओलो, शमिनो आणि ड्युप्रे हे तिघे सोबती तुमच्याबरोबर असतात, बहुतेक काम तेच उरकतात. लढाई संपली की मृतदेह तपासा. एकाजवळ एक पुस्तक सापडेल. लिपी अनोळखी, काही वाचता येणार नाही. तरी घ्या, आणि फेकू नका. सामानाचं वजन वाढलं की माणूस आधी न कळणाऱ्या वस्तू टाकतो. हे पुस्तक शेवटपर्यंत लागणार आहे.

आमच्यात ऐरोलीची एक मैत्रीण कीबोर्डवर होती. पुस्तक उचलल्यावर ती म्हणाली, “आधी मारलं आणि मग खिसे तपासले. पोलिससुद्धा उलटं करतात.” तेव्हा सगळे हसले.

मग राजाशी बोला. टी म्हणजे बोलणं, एल म्हणजे बघणं, जी म्हणजे उचलणं, यू म्हणजे वापरणं. एवढ्या कळांवर निम्मी गेम निघते. राजाला गोलकाबद्दल म्हणजे ‘ऑर्ब’बद्दल विचारा. हा काळा गोलक वापरला की तुमच्या आसपास ज्या चौकटीत दार उघडाल त्यानुसार वेगवेगळ्या ठिकाणी पोचता. पाच बाय पाचची चौकट, आणि प्रत्येक घराला वेगळी जागा. वहीत तशी चौकट आखा आणि जिथे पोचाल ते त्या घरात लिहा. काही घरं थेट गार्गॉइलांच्या देशात नेतात. तिथे इतक्यात जाऊ नका.

किल्ल्यात शेरी नावाची बोलकी उंदरीण आहे. तिला सोबत घ्या. जिथे माणूस शिरू शकत नाही तिथे ती शिरते.

बोलणं, म्हणजेच खरी गेम

इथे तयार वाक्यांची यादी समोर येत नाही. तुम्ही शब्द टाइप करायचा आणि समोरच्याने त्यावर उत्तर द्यायचं. प्रत्येकाला आधी ‘नेम’, मग ‘जॉब’ विचारा, निघताना ‘बाय’. त्यांच्या उत्तरात काही शब्द वेगळ्या रंगात दिसतात, ते पुन्हा टाइप केलेत की गोष्ट पुढे सरकते. पूर्ण शब्द लिहायची गरज नाही, पहिली चार अक्षरं पुरतात.

पण फक्त रंगीत शब्दांवर विसंबू नका. एका गावातल्या माणसाने सांगितलेलं नाव दुसऱ्या गावात विचारायचं असतं, आणि तिथे ते कुणी रंगवून देत नाही. म्हणून वही हवी. गावागणिक दोन पानं सोडा. माणसाचं नाव, कुठे भेटला, कधी भेटला. कधी हे महत्त्वाचं, कारण इथली माणसं सकाळी दुकानात, संध्याकाळी खानावळीत आणि रात्री अंथरुणात असतात. मध्यरात्री लोहाराला शोधत फिरलात तर तो झोपलेलाच सापडणार. दुसऱ्याच्या घरातली वस्तू न विचारता उचललीत तर कर्म खाली येतं. गेममध्ये या मोजमापाला ‘कर्म’च म्हटलंय, आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

तिघे-चौघे मिळून खेळणार असाल तर एकाने कीबोर्ड, एकाने वही, एकाने नकाशा धरावा, आणि दर तासाला जागा बदला. एकाच माणसाकडे कीबोर्ड राहिला की बाकीचे मोबाइल काढतात.

देवळं

गार्गॉइलांनी ब्रिटानियातली सद्गुणांची आठ देवळं बळकावली आहेत, ती सोडवा, हे राजाने दिलेलं काम. प्रत्येक देवळासाठी दोन गोष्टी लागतात: त्या सद्गुणाचा रून, म्हणजे कोरलेला दगड, आणि मंत्र. रून वापरून मंत्र म्हटला की देवळाभोवतीचं जादूचं कुंपण विरतं आणि आतला चंद्रमणी हाती लागतो. आठही चंद्रमणी जपून ठेवा, शेवटी लागतात. देऊळ मोकळं झालं की तिथे ध्यान करून तुमची पातळीही वाढते, म्हणून हे काम मागे ठेवू नका.

प्रत्येक सद्गुणाचं एक गाव आहे. दयेचं ब्रिटन, प्रामाणिकपणाचं मूनग्लो, शौर्याचं जेलोम, न्यायाचं यू, त्यागाचं मिनॉक, सन्मानाचं ट्रिन्सिक, अध्यात्माचं स्कारा ब्रे आणि नम्रतेचं न्यू मॅजिन्सिया. रून आणि मंत्र त्या त्या गावच्या लोकांकडूनच काढायचे. दयेचा मंत्र ‘मू’. अध्यात्माचा कुठला असेल ते मराठी माणसाने वहीत न बघता ओळखावं. आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाने सहज ‘ओम’ टाइप केलं आणि दार उघडलं. तो आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडत होता.

एका रूनचा रस्ता सविस्तर सांगतो, म्हणजे या गेमची चाल कळेल. मिनॉकमधला रून कारागिरांच्या संघाकडे आहे आणि तो परक्याला मिळत नाही. संघात यायचं तर स्वतः बनवून घेतलेली बासरीवजा पॅनपाइप्स हवी आणि तिच्यावर ‘स्टोन्स’ नावाची धून वाजवता आली पाहिजे. पॅनपाइप्ससाठी लाकूड लागतं, ते यू गावच्या बाजूचं. ओंडका लाकडाच्या वखारीत चिरून घ्यायचा, फळी कारागिरिणीकडे न्यायची, धून शिकायला आणखी कुणाकडे जायचं. धून आकड्यांच्या कळांवर खरोखर वाजवायची असते, चुकली तर पुन्हा. यात कुठेही तलवार लागत नाही. त्यागाचा रून हवा ना, मग आधी चार लोकांकडे जाऊन काही शिकून या, असा हा मामला. सगळ्या देवळांत मला हेच आवडलं.

मधल्या काळात देवळांवरचे आणखी गार्गॉइल मराल. काही वेळा पर्याय नसतो, काही वेळा असतो. वाकडी वाट करून त्यांच्यामागे लागू नका, एवढं आत्ता सांगतो.

(ज्यांना गोष्ट फोडून नको आहे, त्यांनी इथे थांबावं.)

पुस्तक वाचून घेणं

देवळं होत आली की दरबारात सापडलेलं पुस्तक घेऊन मूनग्लोच्या लायसियम या ग्रंथालयात माराया नावाच्या बाईकडे जा. ती भाषांतर करील, पण तिला एका चांदीच्या पाटीचा हरवलेला अर्धा भाग हवा आहे. तो शोधण्यासाठी चाच्यांच्या पुरलेल्या खजिन्यापर्यंत जावं लागतं, आणि त्या खजिन्याच्या नकाशाचे नऊ तुकडे नऊ जणांकडे विखुरलेले आहेत. या टप्प्यावर पुष्कळ जण कंटाळून इंटरनेटवर उत्तरं शोधतात. शोधा, हरकत नाही, तुकडे कुणाकडे आहेत तेवढं बघा. भाषांतर मात्र कुठेही वाचू नका. ते मारायाकडूनच ऐका.

पुस्तक गार्गॉइलांच्या भविष्यवाण्यांचं निघतं. त्यात एक खोटा प्रेषित आहे. तो पहिल्यांदा येतो तेव्हा त्यांचा पवित्र ग्रंथ चोरून नेतो. पुन्हा येतो तेव्हा पाताळ कोसळतं. तिसऱ्या येण्यात त्यांचा वंशच संपायचा आहे, आणि तो टाळायचा एकच उपाय लिहिलाय: त्या प्रेषिताचा बळी. आता वहीचं पहिलं पान उघडा. चौथ्या भागातला कोडेक्स. पाचव्या भागातलं कोसळणं. दरबाराच्याही आधी, गेमच्या सुरुवातीच्या दृश्यात गार्गॉइलांनी तुम्हाला वेदीवर का बांधलं होतं तेही इथे कळतं. दरबारात घुसलेले ते तिघे लुटायला आले नव्हते. आपलं जग वाचवायला आले होते.

आमच्या खोलीत इथे कुणीच काही बोलेना. मग घणसोली गावठाणातला एक जण म्हणाला, “म्हणजे ह्यांनी जे पुरस्कार म्हणून घेतलं ते आमचं होतं. हे घरचंच वाटतंय.” बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: नवी मुंबई उभी राहिली ती 95 गावांच्या जमिनीवर, आणि ते काम 1970 साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी कंपनीने केलं. 1984च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला झालेल्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, त्यानंतर साडेबारा टक्के भूखंडाचा, म्हणजे घेतलेल्या जमिनीचा तेवढा वाटा विकसित भूखंड म्हणून मूळ मालकांना परत देण्याचा, प्रश्न मार्गी लागायला लागला. सेक्टरात वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे शहर म्हणजे रुंद रस्ते आणि नीट आखलेली गटारं. त्याच्या घरी त्याच शहराची गोष्ट भाताच्या खाचरांपासून सुरू होते. दोन्ही खरंच. त्या रविवारी गेम तिथेच राहिली आणि आम्ही त्याच्या आजोबांबद्दल ऐकत बसलो. कुणी दुष्ट होतं म्हणून नव्हे, एकाच्या पुस्तकात दुसऱ्याचं पान नव्हतं म्हणून हे होतं, हे अल्टिमाने इतके रविवार तलवार हातात देऊन मग दाखवलं. कुणी नुसतं सांगितलं असतं तर मान डोलावून विसरलो असतो.

गार्गॉइलांच्या देशात

आता त्यांची भाषा शिका. हिथलॉथ या भुयारात कॅप्टन जॉन नावाचा माणूस आहे, तो शिकवतो. भाषा न शिकता खाली उतरलात तर कुणाशी बोलताच येणार नाही आणि पुन्हा मारामारीच होईल. भुयारापलीकडे बेह लेम नावाचा तरुण गार्गॉइल भेटेल, त्याला सोबत घ्या. ज्याच्यासारख्यांना तुम्ही गेमभर मारलंत तोच आता तुमच्या शेजारून चालतो, तुमच्या पिशवीतलं अन्न खातो.

त्यांचा राजा ड्रॅक्सिनुसोम याच्याकडे जा आणि शरण या. हो, शरण. शरणागतीचा ताईत गळ्यात घालावा लागतो आणि तो घातला की तिथले लोक तुमच्यावर हल्ला करत नाहीत. आमच्यातल्या दोघांना हे अजिबात पटेना, लढून बघू म्हणाले. लढाई जिंकताही येईल कदाचित, पण गेम तिथेच अडून राहील.

त्यांची देवळंही बघा. ब्रिटानियात सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन तत्त्वं, तर इथे संयम, भावावेग आणि चिकाटी. त्यांच्या जोड्यांतून त्यांचे वेगळे सद्गुण तयार होतात. आपल्यासारखेच धार्मिक, आपल्यासारखेच हिशेबी. वेगळे आहेत, पण उलटे नाहीत.

एक गोष्ट खटकते ती सांगून टाकतो. गार्गॉइलांमध्ये पंखवाले बोलतात, विचार करतात, राज्य करतात. बिनपंखाचे नुसते राबतात आणि लढतात, त्यांच्याशी संवादही होत नाही. दोन जमातींमधली भिंत पाडायला निघालेल्या गेमने त्यांच्या आतली ही उतरंड निसर्गनियम असल्यासारखी सोडून दिली आहे. ही गेम बनवणाऱ्या, अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या ओरिजिन कंपनीत बसलेल्या लोकांना ते दिसलं नसेल. आपल्याकडे दिसल्याशिवाय राहत नाही.

शेवट

आठ चंद्रमणी, व्हॉर्टेक्स क्यूब नावाची पेटी, आणि दोन भिंगं: एक माणसांच्या कारागिराने घडवलेलं, एक गार्गॉइलांचं तुटकं, दुरुस्त करून घेतलेलं. सगळं जमलं की कोडेक्सजवळ जाण्यापूर्वी वेगळ्या नावाने सेव्ह करा. शेवटी मारायला कुणी नाही. मोठा राक्षस नाही, मोठी लढाई नाही. नव्या खेळाडूंचा इथे विरस होतो, आधीच सांगून ठेवतो. ग्रंथ दोघांपैकी कुणालाच मिळत नाही, तो शून्यात परत जातो, आणि भिंगांतून दोघांनाही पाहता येतो. तुमचा राजा क्षणभर तुम्हालाच फितूर समजतो. तो चेहरा बघण्यासारखा आहे.

पुढे काय

1992चा सातवा भाग घ्या. तो चालवायला एक्झल्ट नावाचं मुक्त इंजिन आहे, त्यालाही मूळ फाइली लागतात. त्यात सहाव्या भागानंतर दोनशे वर्षं गेलेली आहेत आणि गार्गॉइल ब्रिटानियात राहायला आलेले आहेत. तह झाला, राजे भेटले, सगळं मिटलं असं वाटत असेल तर व्हेस्पर गावात जा. तिथे माणसं एका बाजूला, गार्गॉइल दुसऱ्या बाजूला राहतात आणि एकमेकांबद्दल काय बोलतात ते दोन्हीकडे जाऊन ऐकावं लागतं. आधी गार्गॉइलांच्या बाजूने सुरुवात करा, माणसांकडे नंतर जा. क्रमाने फरक पडतो.